पालिका रुग्णालयात हलगर्जी झाली, तर जाब नक्की कोणाला विचारायचा?

लालबागची_लेक

नमस्कार. आजवर इथे फक्त वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण कृपा करून पूर्ण वाचा. मला खरंच मार्ग हवा आहे.

माझे बाबा ७१ वर्षांचे. गिरणीत होते, १९८२ च्या संपानंतर वॉचमनचं काम केलं. वीस वर्षांचा डायबेटीस. यंदा मार्चमध्ये मोरीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. खासगीत सांगितलेला आकडा आम्हाला झेपणारा नव्हता, म्हणून पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात नेलं. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला त्याची बदनामी करायची नाहीये. माझा जन्म तिथलाच.

ऑपरेशन पाचव्या दिवशी ठरलं. रात्री बारानंतर पाणीसुद्धा द्यायचं नाही असं सांगून गेले. सकाळी सहाला मात्र रोजचं इन्सुलिन दिलं. मी विचारलं, "उपाशी आहेत ना, मग इन्सुलिन कसं?" उत्तर आलं, "फाइलवर लिहिलंय." नऊचा नंबर बारावर गेला, बाराचा दोनवर. दोन वाजता कळलं की इमर्जन्सी आलीय, आज होणार नाही. आता त्यांना खायला द्यायचं का, हे कोणीच सांगितलं नाही. सलाइनही लावलेलं नव्हतं. मीही घाबरून काही दिलं नाही. त्याची बोच आयुष्यभर राहणार.

अडीचच्या सुमाराला सदरा घामाने पिळून निघाला. मला आक्का म्हणून हाक मारायला लागले. आक्का म्हणजे माझी आत्या, ती जाऊन बारा वर्षं झाली. मी दोनदा सिस्टरकडे धावले. त्या एकट्याच होत्या, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका मुलाला रक्त लावत होत्या. आल्या, शेजारच्या वॉर्डातून मशीन मागवलं, शुगर निघाली २९.

आयसीयूत अकरा दिवस काढले. न्यूमोनिया झाला. बाबा गेले.

आता मुद्द्याचं. खाटेच्या पायाशी शुगरचा तक्ता अडकवलेला असतो. त्या दिवशीचे आठ, दहा आणि बाराचे तीन चौकोन रिकामे होते. बाबांना आयसीयूत हलवताना मी त्याचा फोटो काढला, भावाला पाठवायला म्हणून. पुढे महिनाभर फेऱ्या मारून इंडोअर पेपरची, म्हणजे भरती असतानाच्या नोंदींची, प्रत मिळवली. त्यात तेच तीन चौकोन भरलेले आहेत. १४२, १३८, १२६. एका पेनाने, एका हाताने.

मला त्या सिस्टरची नोकरी घालवायची नाही. जी रेसिडेंट मुलगी बाबांची ट्रॉली स्वतः ओढत आयसीयूपर्यंत पळाली, तिची तर नाहीच नाही. मग जबाबदार कोण? कोणाच्या दारात जाऊन उभी राहू?

काळाचौकीकर

ताई, वाचून गलबलून आलं. बाबांना श्रद्धांजली. बोच लावून घेऊ नका. "काही देऊ नका" असं सांगितलेलं असताना कुठलंही घर हेच करेल.

रोखठोक

कसला मार्ग आणि काय. वॉर्डात जाऊन चार आवाज काढले की बरोबर हलतात सगळे. आमच्या चाळीतल्या पोरांनी एकदा जाऊन टेबलावर हात आपटला, अर्ध्या तासात बेड मिळाला.

गिरगाव_ते_गोराई

@रोखठोक, तो बेड कोणालातरी उठवूनच दिला असणार. शिवाय महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. रुग्णालयात हिंसा किंवा तोडफोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्या चार पोरांतल्या एकाचं आयुष्य कोर्टाच्या तारखांत जायचं आणि वॉर्ड आहे तिथेच राहायचा.

निवृत्त_सिस्टर

बाळा, तुझा धागा रात्री वाचला आणि झोप लागली नाही. पालिकेच्या रुग्णालयांत चौतीस वर्षं काढली मी, त्यातली एकोणीस हाडांच्या वॉर्डात. म्हणून जे सांगते ते नीट ऐक.

पेशंट ऑपरेशनसाठी उपाशी असेल तर सकाळचं इन्सुलिन देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं असतं. त्या दिवशी डोस बदलतो, थांबतो किंवा ग्लुकोजचं सलाइन सुरू होतं, आणि दर दोन तासांनी शुगर बघतात. इथे रोजची ऑर्डर तशीच पुढे चालू राहिली. ती बदलायची होती युनिटच्या डॉक्टरने, आणि शंका आली तर थांबायचं होतं सिस्टरने. दोघांकडून चूक झाली. माझ्याच व्यवसायातली आहे म्हणून मी पांघरूण घालणार नाही.

आता दुसरी बाजू. नर्सिंग कौन्सिलचा निकष सांगतो की शिकवणाऱ्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स हवी. मी रात्रपाळीत एकटीने चोपन्न पेशंट सांभाळलेत, त्यातले अकरा जमिनीवरच्या गादीवर. एकाला रक्त लावलं की पहिली पंधरा मिनिटं त्याच्यापासून हलायचं नसतं, रिॲक्शन येऊ शकते. त्या पंधरा मिनिटांत बाकी त्रेपन्न जण देवाच्या भरवशावर.

पण चौकोन भरले, ते मला सहन होत नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात आम्हाला शिकवलं होतं की केलं नसेल तर लिहायचं नाही. त्या तासांत तिथे माणूस नव्हता, याचा लेखी पुरावा ते तीन रिकामे चौकोनच होते. ते भरले आणि कागदावर सगळं आलबेल झालं. उद्या कोणी तपासायला आलं तर म्हणेल, शुगर वेळेवर तपासली जातेय, म्हणजे स्टाफ पुरेसा आहे. बाई स्वतःला वाचवायला गेली आणि तिला एकटीला त्या वॉर्डात सोडणाऱ्यांना वाचवून बसली.

अनुस्वार

सिस्टर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शेवटचं वाक्य पटलं.

वकील_फोर्टवाला

लालबागच्या ताई, कायद्याच्या बाजूने सांगतो. जरा कोरडं वाटेल.

सगळ्यात आधी फोटो. ज्या फोनवर काढला तो फोन विकू नका, बदलू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत कामाची नाही, मूळ फाइल हवी, कारण काढल्याची वेळ तिच्यात असते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र जोडावं लागेल, ते वकील करून देईल.

दुसरं, कागद. तुम्हाला महिना लागला, लागायला नको होता. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाची कागदपत्रं द्यावी लागतात. १९९६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही रुग्णाचा हा हक्क मान्य केलेला आहे. बाकीच्यांनी लक्षात ठेवा. अर्ज लेखी द्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी मागणीचा हिशोब कुठेच लागत नाही.

ग्राहक आयोगात जायचं का? १९९५ च्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जिथे सगळ्यांनाच मोफत सेवा मिळते ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही, आणि नोंदणीची नाममात्र फी म्हणजे सेवेचा मोबदला नव्हे. काही जणांकडून पैसे घेत असतील तर मात्र मोफत रुग्णही ग्राहक धरले जातात. पालिकेच्या रुग्णालयांच्या बाबतीत यावरच वाद रंगतो. मुदत दोन वर्षांची आहे.

दिवाणी दावा लावायचा तर घाई करा. मुंबई महापालिका कायदा, १८८८, कलम ५२७. आधी एक महिन्याची नोटीस, आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा. प्रत्येक प्रकरणात हे कलम लागतंच का, यावर कोर्टात भांडता येतं, पण ती जोखीम घेऊ नये. घटना मार्चची आहे, आज जुलै संपत आलाय. बोटांवर मोजा.

रोखठोक

आणि पोलीस?

वकील_फोर्टवाला

२००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टाकायचा तर हलगर्जी साधीसुधी नाही, ठळक आणि गंभीर असावी लागते, आणि त्यावर आधी स्वतंत्र डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. ते मत दिरंगाईने येतं. पण नोंदी मागाहून भरणं हा वेगळा विषय आहे. त्याला वैद्यकशास्त्र लागत नाही, डोळे लागतात.

रेसिडेंट_तिसरं_वर्ष

मी डॉक्टर आहे, एका सरकारी कॉलेजात. इथे शिव्या पडतील असं वाटलं होतं, तुम्ही त्या मुलीबद्दल जे लिहिलंत ते वाचून डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगतो, उपाशी पेशंटची इन्सुलिन ऑर्डर बदलायची राहून जाणं ही माझ्या हातूनही होऊ शकली असती अशी चूक आहे. आदल्या सकाळी आठला सुरू झालेली ड्युटी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपते. लिस्ट लावायची, रक्ताची सोय करायची, फिटनेस आणायचा, सगळं एकाच माणसाने.

मला राग येतो तो निलंबनाच्या बातम्यांचा. काही झालं की संध्याकाळपर्यंत एक रेसिडेंट आणि एक वॉर्डबॉय घरी बसवला जातो, आणि कारवाई झाली म्हणून सगळे मोकळे. जानेवारी २०१८ मध्ये नायरमध्ये एमआरआयच्या खोलीत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन गेलेला तरुण मशीनमध्ये ओढला जाऊन मेला. पेशंट नव्हता तो, नातेवाईक होता. डॉक्टर आणि वॉर्डबॉयला अटक झाली. अटक झाली म्हणून मी रडत नाही, चूक भयंकरच होती. पण नातेवाइकाने सिलिंडर उचलावा, ट्रॉली ढकलावी, रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवावेत, ही आपल्या प्रत्येक सरकारी रुग्णालयातली रोजची रीत आहे. ती रीत कोणी पाडली, हे कोणत्या चौकशीत विचारलं गेलं?

दादरकर_आजोबा

विचारलं गेलं होतं. एकदा तरी.

१९८६ च्या सुरुवातीला जेजेत चौदा रुग्ण दगावले. डोळ्यांच्या आणि मेंदूच्या रुग्णांना ग्लिसरॉल पाजत, शरीरातला दाब उतरवायला. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होतं, विषच ते. माणसांची मूत्रपिंडं बंद पडली. तेव्हा मी मंत्रालयात कारकून होतो, मस्टरवर सही करतानाही तोच विषय असायचा.

न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला. त्यांनी औषध पाजणाऱ्या परिचारिकेपाशी थांबायचं नाकारलं. हे ग्लिसरॉल कोणी पुरवलं, खरेदी कोणी मंजूर केली, तपासलं कोणी, अन्न व औषध प्रशासनात कोणाचे हात कोणी बांधले, असं एकेक दार ठोठावत ते वर गेले. अहवाल बाहेर आल्यावर आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. चौदा गेलेली माणसं परत आली नाहीत, पुढची कोर्टकज्जांची कहाणीही समाधानाची नाही. पण बाटलीपासून मंत्र्याच्या खुर्चीपर्यंतचा रस्ता एका माणसाने चालून दाखवला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लेकी, तुझ्या बाबांच्या तक्त्याचाही असाच माग काढायला हवा.

कुर्ला_पश्चिम

आजोबा, लिहीत जा हो अजून.

थोडं अवांतर. माझे सासरे दोन वर्षांपूर्वी अशाच वॉर्डात सोळा दिवस होते. शाळेत मुख्याध्यापक होते ते. पहिल्याच दिवशी शंभर पानी वही मागवली आणि रकाने आखले. वेळ, काय दिलं, कोणी दिलं. दोन दिवसांत शेजारच्या खाटांचंही लिहायला लागले. राउंडला आलेले डॉक्टर चक्क विचारायचे, "सर, नऊ नंबरला काल ताप किती होता?" डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरने ती वही ठेवून घेतली. अख्खा वॉर्ड हसत होता आणि सासऱ्यांची मान ताठ. पेशंटसोबत कोणी असेल तर वही ठेवाच.

निवृत्त_सिस्टर

अशा मास्तरांच्या पाया पडावं. आम्हाला असे दोन मिळाले असते तर वॉर्ड तरला असता.

सीमोल्लंघन

वेगळं मत मांडतो. पालिकेच्या रुग्णालयात अर्धा महाराष्ट्र आणि निम्मा उत्तर भारत येतो. दहा रुपयांच्या केसपेपरात अजून काय अपेक्षा ठेवायची? फुकटच्या सेवेत जाब विचारायचा हक्क किती, हाही प्रश्न आहेच.

अनुस्वार

नाही, हे मुळीच पटत नाही. १८८८ च्या कायद्यात सार्वजनिक रुग्णालयं चालवणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. २०२५-२६ चं पालिकेचं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं. ते पैसे माझे, तुमचे आणि वॉचमनची नोकरी करून साबण-तेलावर कर भरणाऱ्या ताईंच्या बाबांचे. दहा रुपये हा फक्त केसपेपरचा दर आहे.

वकील_फोर्टवाला

अनुस्वार यांना अनुमोदन. कायदाही तेच म्हणतो. १९९२ मध्ये बंगालमध्ये एक मजूर रेल्वेतून पडला, डोक्याला मार लागला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, आणि पैसा नाही ही सबब सरकारला चालणार नाही.

आणि आपल्याच राज्यातला खटला. १९६३ साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला, ती गेली. खालच्या कोर्टाने भरपाई दिली, हायकोर्टाने काढून घेतली, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दिली. नेमकी कोणा एकाची चूक हे बोट ठेवून दाखवता आलं नाही तरी सरकार जबाबदार, असा तो निकाल आहे. ताई, तुमच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर हे आहे. त्या सिस्टरचं नाव न घेताही तुम्ही दावा लावू शकता.

काळाचौकीकर

तेहेतीस वर्षं लागली पण.

वकील_फोर्टवाला

हो. ते नाकारत नाही.

एफ_दक्षिण

आणखी एक गोष्ट कोणी बोललं नाही. पूर्वी पालिकेत आरोग्य समिती असायची. असं काही घडलं की नगरसेवक डीनना समोर बसवून विचारायचे, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं. सगळे नगरसेवक धुतल्या तांदळासारखे नव्हते, पण आमच्या वॉर्डातल्या बाई रात्री अकरालाही फोन उचलायच्या. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकाचा कारभार. त्या काळात गाऱ्हाणं न्यायचं दारच उरलं नव्हतं. रिकाम्या पदांवर सभागृहात ओरडणारं कोणी नाही म्हटल्यावर पदं रिकामीच राहतात.

निवृत्त_सिस्टर

लालबागच्या लेकी, माहिती अधिकाराचा अर्ज टाक. "काय कारवाई केली" असं मोघम विचारू नकोस, त्याला "चौकशी सुरू आहे" एवढंच उत्तर येतं. त्या तारखेचं ड्युटी रोस्टर माग. सकाळपाळीला प्रत्यक्ष हजर किती, मंजूर पदं किती, ते माग. सकाळचा सेन्सस, म्हणजे वॉर्डात पेशंट किती होते, ते माग. आणि एक विसरू नकोस, ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सचं स्टॉक रजिस्टर आणि इंडेंट, म्हणजे वॉर्डाने सामानासाठी केलेली लेखी मागणी. मशीन शेजारच्या वॉर्डातून मागवलं असं तू लिहिलंयस. ते वाक्य मला रात्रीपासून टोचतंय.

लालबागची_लेक

सगळ्यांचे आभार. कसे मानू कळत नाही. अर्ज आजच लिहिला, सिस्टरने सांगितलेले पाचही मुद्दे घातले. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं.

रोखठोक

ताई, माझे आधीचे शब्द मागे घेतो. नोटीस टाइप करून हवी असेल तर माझं परळला झेरॉक्सचं दुकान आहे. पैसे घेणार नाही.

लालबागची_लेक

पाच आठवड्यांनी लिहितेय. माहितीचं उत्तर काल आलं.

त्या सकाळी वॉर्डात ६१ पेशंट होते. मंजूर स्टाफ नर्स सकाळपाळीला सहा, हजर एक. दोघी प्रसूती रजेवर, एक निवृत्त झाली आणि जागा भरली नाही, दोघींना दुसऱ्या वॉर्डात पाठवलं होतं.

आणि स्ट्रिप्स. स्टॉक रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स समोर ठेवून लिहितेय. बाबांचं ऑपरेशन ठरलं होतं त्याच्या दोन दिवस आधीपासून "शिल्लक" या रकान्यात "निरंक" लिहिलंय. तीन दिवस ओळीने निरंक. इंडेंट त्याच्या नऊ दिवस आधी गेलेला आहे, खाली त्याच सिस्टरची सही आहे, आणि लाल शाईत "स्मरणपत्र १", "स्मरणपत्र २". स्ट्रिप्स चौथ्या दिवशी आल्या.

म्हणजे १४२, १३८, १२६ हे आकडे तपासून आलेले असूच शकत नाहीत. तपासायला वॉर्डात काही नव्हतंच. आणि ज्या बाईने ते भरले असावेत असं मला वाटत होतं, तिनेच दोनदा लिहून स्ट्रिप्स मागितल्या होत्या. रात्री खूप वेळ ते पान बघत बसले.

वकीलसाहेबांनी नोटीस तपासून दिली, रोखठोक यांच्या दुकानात टाइप झाली, आवकचा शिक्का मिळाला. नोटिशीत कोणा सिस्टरचं नाव नाही, रेसिडेंटचं नाही. इंडेंट नऊ दिवस कोणाच्या टेबलावर पडून होता आणि सहा पदांवर एक बाई कोणाच्या आदेशाने उभी होती, हे विचारलंय. डीन ऑफिसने गुरुवारी बोलावलंय. भावाला सुट्टी नाही. एकटीने जायची भीती वाटते.

निवृत्त_सिस्टर

मी येते. दहा वाजता मोठ्या गेटपाशी, चहावाल्याच्या बाजूला. पांढरी साडी नसेल, पण ओळखशील. रजिस्टरच्या पानाच्या तीन प्रती काढ आणि मूळ घरी ठेव. आणि काहीतरी खाऊन ये.